लाकडी जहाजाचा सांगाडा: फळ्या चढवण्याआधीचं काम

शिडाच्या जहाजाची प्रतिकृती बघायला येणाऱ्यांची नजर आधी डोलकाठ्या आणि दोऱ्यांवर जाते. मी नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत बोट फिरवून बघतो. कुठे उंचवटा लागला, की सांगाडा घाईत उरकला हे समजतं. बडोद्यात मी वर्षानुवर्षं पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी साचे केले. आता दांडिया बाजारातल्या घरी जहाजं करतो. शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात मी आधी सांगाडाच देतो.

उदाहरणाला ट्रिंकोमाली घेऊ. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे. त्याचे नकाशे इंग्लंडहून यायचे होते. पहिला संच ज्या जहाजावर होता ते १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडलं, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. नकाशाशिवाय वाडियांसारखे कारागीरही थांबले, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

तोफांच्या मजल्याची लांबी साधारण १५० फूट. १:९६ प्रमाणात एक फूट म्हणजे पाव इंचाचा अर्धा भाग, म्हणजे मॉडेलवर तेवढी लांबी पावणेएकोणीस इंच येते. झेरॉक्स काढली की आधी पट्टी लावून बघा. मशीन कागद थोडा ताणतं. नकाशातली रेघ फळ्यांच्या बाहेरची असेल, तर फळीची जाडी आत सोडून बल्कहेड, म्हणजे कण्यावर आडवे बसणारे जहाजाच्या छेदाच्या आकाराचे तुकडे, कापायचे. दीड मिमी फळी विसरलात तर जहाज दोन्ही बाजूंनी मिळून तीन मिमी फुगतं.

मधल्या उभ्या कण्याला ५ मिमी प्लायवूड, बल्कहेडला ४ मिमी. दुकानातच तुकडा डोळ्यासमोर धरून वाक बघा. पावसाळ्यात आणलेलं प्लाय लगेच कापू नका. सपाट फरशीवर वजनाखाली वाळू द्या.

कण्याच्या खाचा वरून आणि बल्कहेडच्या खालून, दोन्ही अर्ध्या खोलीच्या. अंगठ्याच्या दाबाने बसल्या पाहिजेत, हातोडीने नाही. १५ खाचा प्रत्येकी ०.१ मिमीने घट्ट राहिल्या, तर कण्याची वरची कड दीड मिमी ताणली जाते आणि दोन्ही टोकं खाली झुकतात.

आता एक गोष्ट, जी बहुतेकजण सोडतात. नाळेकडच्या बल्कहेडची मागची बाजू नकाशात त्याची जागा दाखवणाऱ्या रेघेवर यायला हवी आणि जहाजाच्या मागच्या अर्ध्यातल्या बल्कहेडची पुढची. जहाज टोकांकडे निमुळतं होतं. त्यामुळे रेघेवरची कड मोठी राहते आणि घासताना फक्त दुसऱ्या बाजूचं लाकूड जातं. उलटं बसवलं तर घासायला लाकूडच उरत नाही.

गोंद लावण्याआधी कण्याच्या खालच्या कडा बारीक करून घ्या, विशेषतः मागे, जिथे दोन्ही बाजूंच्या फळ्या मिळतात. तिथे कणा आणि दोन फळ्या मिळून पठाणाएवढीच, म्हणजे तळाशी लांबीभर जाणाऱ्या जाड लाकडाएवढीच, जाडी व्हायला हवी. बल्कहेड चिकटल्यावर तिथे पटाशी नीट फिरत नाही.

मग सगळं कोरडं जुळवा आणि टोकाकडून एक डोळा मिटून बघा. कणा दोन सरळ अँगलमध्ये उभा धरा. मधल्या बल्कहेडपासून सुरुवात करून दोन्हीकडे सरका. प्रत्येकाला वरून आणि बाजूने गुण्या लावा. फेव्हिकॉलच वापरा, झटपट गोंद दुरुस्तीला वेळ देत नाही. रात्रभर हात लावू नका, जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक दिवस. बल्कहेडच्या मधे सारख्या मापाचे ठोकळे चिकटवले, की सांगाडा पिळत नाही. नाळेजवळ आणि मागे मऊ लाकडाचा ठोकळा भरा. बाल्सा मिळाला नाही तर पांगारा किंवा सावर चालते.

खरं काम इथून पुढे. प्रत्येक बल्कहेडची कड पेन्सिलने काळी करा. लवचिक पट्टीवर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवा. पट्टी एका वेळी किमान तीन बल्कहेडवर टेकेल एवढी लांब हवी. एकेक बल्कहेड वेगळं घासू नका, खड्डे पडतात. तिरके, लांब हात मारा. रेघेवरच्या कडेची शेवटची काळी रेषा जेमतेम उरली, की थांबा.

त्यावर बांबूची पट्टी वाकवून बघा. उत्तरायणाच्या पतंगांची उरलेली कमान घरात सापडेल, पण ती घेऊ नका. टोकांना बारीक असल्याने ती असमान वाकते आणि चुकीचं सांगते. सगळीकडे सारख्या जाडीची पट्टी तासून घ्या. ती डेकपासून पठाणापर्यंत पाच-सहा उंचींवर ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथे विनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, चिंधी चिकटवून पुन्हा घासा. मात्र चिकटवण्याआधी शेजारचं बल्कहेड उंच आहे का ते तपासा. बरेचदा दोष तिथेच असतो.

पट्टी सगळीकडे टेकली की कागदाच्या फितीने प्रत्येक बल्कहेडच्या कडेची लांबी मोजा, फळ्यांच्या संख्येने भागा आणि खुणा करा. मग पहिली फळी भिजवायला टाका.