‘अगं, लेकीसारखी आहेस’: कुपवाड एमआयडीसीतल्या पहिल्या नोकरीतले धडे

डिप्लोमा झाल्यावर कुपवाडला एका कारखान्यात क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागले. तिथं सगळे एकमेकांना दादा, मामा, ताई म्हणायचे. घरच्यासारखं वाटायचं. पुढं सगळं अडलंही त्या घरच्यासारखेपणातच.

एक सीनिअर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, शिकवायच्या निमित्तानं हात धरायचे. काढून घेतला की म्हणायचे, ‘अगं, लेकीसारखी आहेस.’ मग रात्री साडेदहाला ‘जेवलीस का?’ सुरू झालं. उत्तर नाही दिलं, की दुसऱ्या दिवशी माझे इन्स्पेक्शन रिपोर्ट सहीविना पडून. मामांना काय बोलायचं, या विचारात चार महिने गेले.

मग कॅंटीनमध्ये ‘पॉश’चं, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्याचं, ट्रेनिंग झालं. मागच्या बाकांवर खसखस पिकली होती. ट्रेनिंगला आलेल्या वकीलबाईंनी तिकडं लक्षच दिलं नाही. म्हणाल्या, ‘त्यांचा हेतू काय होता ते मागाहून बघू. तुम्हाला ते नकोसं होतं का, ते आधी सांगा.’ 2013 च्या कायद्याची मेख याच शब्दात आहे: नकोसं. स्पर्श, शेरे, मेसेज, सगळं त्यात येतं. कंपनीची बसही कामाचंच ठिकाण, आणि ट्रेनी किंवा कंत्राटी असलात तरी कायदा तुमचाच.

त्या रात्री मी मेसेज केला: ‘मामा, कामाचं असेल ते ड्युटीत सांगा. माप टेबलावर ठेवून दाखवा, हात धरू नका.’ पाठवताना बोटं कापत होती. मेसेज थांबले, सह्या मात्र आणखी रखडल्या.

तक्रारीची मुदत तीन महिने, म्हणजे आपली गेली असं मी धरून चालले होते. पण प्रकार चालूच असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, आणि सबळ कारण असेल तर अशा तक्रारी ऐकणारी कंपनीची अंतर्गत समिती आणखी तीन महिने देऊ शकते. म्हणून तारखा लिहून ठेवा. माझ्या वहीत तारीख, वेळ, जवळ कोण होतं, एवढंच होतं. समितीपुढं तीच वही उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते, पण तोवर त्याच माणसाच्या सहीवर आपलं काम अडकून राहायला नको. लेखी मागणी केली तर समिती आपल्या कामाचा शेरा दुसऱ्या अधिकाऱ्याकडं सोपवायची शिफारस करू शकते. मी मागितलं, मिळालं.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या वर्कशॉपात असाल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आणि तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ही भीती मुलींना घालणारे खूप भेटतील, बायकासुद्धा.

बरोबरची मुलं विचारायची, ‘म्हणजे आता बोलायचंच नाही का?’ बोला की! बसमध्ये आम्ही क्रिकेटवरून भांडतोच. ‘नको’ म्हटलं की तिथं थांबता येतं का, एवढंच बघा.

पुढची नोकरी मिरजेला लागली. पहिल्याच दिवशी समितीचा फलक शोधला. तो लावणं मालकाला बंधनकारक आहे. सापडला वॉटर कूलरच्या मागं, आणि त्यावरच्या एक मॅडम कधीच्याच नोकरी सोडून गेलेल्या. एचआरला लेखी कळवलं. नवा फलक यायला पंधरा दिवस लागले.