बुडालेलं जहाज उपसण्याआधी: फ्लोरिडातल्या परवान्याची फाइल

३१ जुलै १७१५ च्या पहाटे फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर वादळात स्पेनच्या ताफ्यातली ११ जहाजं फुटली. सेबॅस्टियन इनलेटपासून फोर्ट पिअर्सपर्यंतच्या त्या पट्ट्यात आजही नाणी निघतात. तिथे नव्याने उपशाचं काम करू पाहणाऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षं एकच आहे: समुद्र वर्षातून चार-पाच महिनेच हाताशी येतो आणि तेवढे महिने कागदपत्रांत जातात. तक्रार खोटी नाही. पण उशिराचा मोठा भाग अपुऱ्या अर्जामुळे होतो, आणि तेवढा तरी अर्जदाराला टाळता येतो. म्हणून होडी, इंधन, डायव्हर यांचा हिशेब मांडण्याआधी फाइल कशी तयार करायची ते पाहू.

सगळ्यात आधी पाणी कोणाचं ते ठरवा. फ्लोरिडाची हद्द अटलांटिकच्या बाजूला ३ सागरी मैल आहे, तर मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला सुमारे ९. या हद्दीत तळाशी रुतलेलं, बेवारस झालेलं ऐतिहासिक जहाज १९८७ च्या ॲबंडंड शिपरेक ॲक्टनुसार राज्याच्या मालकीचं ठरतं. 'ज्याला सापडलं त्याचं' हा समुद्री कायद्यातला जुना नियम तिथे चालत नाही. कायदा होण्याआधीच फेडरल कोर्टात दाखल झालेले दावे मात्र त्यातून वगळले आहेत. १७१५ च्या ताफ्याच्या बऱ्याचशा जागा अशाच जुन्या दाव्याखाली आहेत. त्या जागांवर काम करायचं असेल तर दावेदार कंपनीशी उपकंत्राट करावं लागतं. राज्याकडे वेगळा अर्ज करून फायदा नाही. शिवाय काही जहाजं राज्याने पाण्याखालची संरक्षित उद्यानं म्हणून राखून ठेवली आहेत. फोर्ट पिअर्सजवळचं 'उर्का दे लिमा' त्यांपैकीच एक. तिथे पोहायला जा, बघा, पण हात लावायची सोय नाही. नकाशावर आपला चौकोन काढण्याआधी या दोन्ही प्रकारच्या जागा त्यावर आखून घ्या. चौकोनाचा एक कोपरा जरी दुसऱ्याच्या हद्दीत शिरला तरी अर्ज परत येतो.

पाण्यानंतर जहाज कोणाचं ते पाहा. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि सगळ्यात महागात हेच पडतं. परवाना काम करण्याचा असतो, मालकीचा नसतो. ग्लोबल मरीन एक्सप्लोरेशन या कंपनीकडे केप कॅनाव्हरलजवळ शोध घेण्यासाठी राज्याचे परवाने होते. २०१६ मध्ये तिला काशाच्या तोफा आणि फ्रान्सचं राजचिन्ह कोरलेला संगमरवरी स्तंभ सापडला. ते जहाज १५६५ मध्ये बुडालेलं फ्रेंच दर्यावर्दी जाँ रिबोचं 'ला त्रिनिते' असल्याचा दावा फ्रान्सने केला, आणि २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने तो मान्य केला. त्याआधी ओडिसी मरीन या कंपनीने 'मर्सेडीस' या जहाजाची सुमारे १७ टन नाणी २००७ मध्ये टॅम्पात आणली होती. ती सगळी फेब्रुवारी २०१२ मध्ये विमानाने स्पेनला गेली, कारण १८०४ मध्ये बुडालेलं ते जहाज स्पेनच्या आरमाराचं ठरलं. २००४ च्या संकन मिलिटरी क्राफ्ट ॲक्टमुळे अमेरिकेच्या पाण्यातल्या परदेशी युद्धनौकांनाही संरक्षण आहे. त्या देशाच्या संमतीशिवाय तिथे सॅल्व्हेजचा, म्हणजे बुडालेला माल उपसून मोबदला घेण्याचा, हक्क उभाच राहत नाही.

मराठी वाचकाला जवळचं वाटेल असं उदाहरण 'तिलावा'चं. हे जहाज २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेला निघालं आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने बुडवलं. २८० माणसं गेली. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेले चांदीचे २,३६४ बार होते. २०१७ मध्ये ते समुद्रतळातून काढून इंग्लंडला नेण्यात आले. खालच्या दोन कोर्टांत काढणारी कंपनी जिंकली, पण मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेचं सार्वभौम संरक्षण मान्य केलं. याउलट 'गिरसप्पा' या जहाजाची सुमारे ११० टन चांदी २०१२ आणि २०१३ मध्ये ४,७०० मीटर खोलीवरून निघाली आणि वाटणीचा वाद झाला नाही. तिथे ब्रिटिश सरकारशी आधीच करार झाला होता: खर्च वजा जाता ८० टक्के काढणाऱ्याचे. तेव्हा फाइलमध्ये पहिला कागद जहाजाच्या ओळखीचा हवा. सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारातली मालयादी, जहाज राजाचं की खासगी, त्यावर राजाच्या तोफा होत्या का, हे सगळं त्यात यावं. ओळख पटलेली नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि ती कशी पटवणार तेही लिहा. ओळख लपवून पुढे गेलात तर शेवटी तुमच्या हातात फक्त खर्च उरतो.

आता राज्याचा परवाना. फ्लोरिडाच्या प्रशासकीय संहितेतलं १ए-३१ हे प्रकरण ऐतिहासिक जहाजांचा शोध आणि उपसा यांबद्दल आहे. अर्ज राज्याच्या राजधानीत, टॅलहासीला, ऐतिहासिक वारसा विभागाकडे जातो. परवान्याचे टप्पे दोन, आधी शोधाचा आणि मग उपशाचा. शोधाच्या परवान्यावर वस्तू वर आणता येत नाहीत. चाचणीचे खड्डे घ्यायचे असतील तर त्याची वेगळी लेखी मंजुरी लागते. 'सापडलंच आहे तर एक नाणं ओळखीसाठी घेऊ' हा विचार परवाना कायमचा घालवतो.

अर्जात पुरातत्त्वज्ञाचं नाव लागतं. पदवी, पाण्याखालच्या कामाचा अनुभव आणि लेखी संमती हे सगळं जोडावं लागतं. नुसतं नाव टाकून भागत नाही. सॅल्व्हेजवाल्यांची इथे नेहमी कुरकुर असते, की हा माणूस पैसे आमचे घेतो आणि काम आमचंच थांबवतो. आमचं मत वेगळं आहे. कोणती वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे लिहून ठेवणारा माणूस नसेल तर तीनशे वर्षांपूर्वीचं जहाज म्हणजे भंगाराचा ढीग. आणि बाजारातसुद्धा नोंद असलेल्या नाण्याला बिननोंदीच्या नाण्यापेक्षा जास्त भाव मिळतो. खरी अडचण माणसांच्या तुटवड्याची आहे. खासगी सॅल्व्हेजबरोबर काम करायला तयार असलेले पात्र पुरातत्त्वज्ञ थोडे, कारण त्यांच्या व्यावसायिक संघटनांना विक्रीसाठी होणारं उत्खनन मान्य नाही. त्यामुळे अर्ज लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी हा माणूस पक्का करा, आणि त्याच्या गैरहजेरीत सही करू शकेल असा दुसराही.

सर्वेक्षणाचा भाग नीट समजून घ्या, कारण त्रुटीपत्रं इथूनच जास्त निघतात. मॅग्नेटोमीटर या चुंबकीय मापकाला सोनं-चांदी दिसत नाही, फक्त लोखंड दिसतं: नांगर, तोफा, खिळे, पट्ट्या. ढोबळ हिशेब असा, की एक टन लोखंड १० मीटरवरून सुमारे १० नॅनोटेस्लाचा (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) फरक दाखवतं. अंतर दुप्पट झालं की हा फरक आठव्या हिश्शावर येतो, म्हणजे २० मीटरवर जेमतेम सव्वा. म्हणून ३० मीटर अंतराच्या रांगांत (होडीच्या समांतर फेऱ्यांत) मोठा नांगर सापडेल, पण विखुरलेले खिळे निसटतील. अशा उथळ, विखुरलेल्या जागेवर रांगा १० ते १५ मीटरवर घ्या, सेन्सर तळापासून ६ मीटरच्या आत ठेवा आणि लोखंडी होडी असेल तर तिच्या लांबीच्या किमान तिप्पट मागे ओढा. खेकड्याचे सापळे, कोळंबीच्या बोटींचं भंगार, केप कॅनाव्हरलजवळ रॉकेटचे तुकडे हे सगळंही तसंच दिसतं. प्रत्येक खुणेला क्रमांक, तीव्रता, रुंदी आणि तुमचा अंदाज, असा तक्ता करा. 'अनेक आशादायक खुणा' असं लिहिलेला अहवाल परत येणार हे धरूनच चाला.

अक्षांश-रेखांश एकाच पद्धतीत लिहा. २७ अंश ३०.५० मिनिटं हे कोणी २७ अंश ३० मिनिटं ५० सेकंद असं वाचलं तर जागा ६०० मीटरहून जास्त सरकते. जुन्या सॅल्व्हेजवाल्यांच्या वह्यांतले आकडे बहुधा १९२७ च्या नॅड या नकाशांसाठीच्या जुन्या अमेरिकी संदर्भप्रणालीतले असतात. ते आजच्या जीपीएसवर तसेच टाकले तर काही दहा मीटरांचा फरक पडतो, आणि एवढ्यात तुम्ही शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ शकता. कुठली संदर्भप्रणाली वापरली ते नकाशाच्या कोपऱ्यात ठळक लिहा.

राज्याच्या पुरातत्त्व परवान्यावर काम भागत नाही, आणि वैतागाची खरी जागा हीच आहे. वाळू हलवायची असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याची संमती लागते, कारण तळाची जमीन राज्याची. फेडरल बाजूला आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियंता दलाची मंजुरी लागते. वाळू उडवण्यासाठी होडीच्या पंख्यावर बसवतात तो वाकडा पाइप, ज्याला तिथे 'मेलबॉक्स' म्हणतात, दोन्ही कार्यालयांच्या डोळ्यांत खुपतो. पंख्याचा झोत खाली वळतो आणि काही मिनिटांत वाळूत मोठा खड्डा पडतो. त्यात समुद्री गवत उखडतं, ट्रेझर कोस्टवरचे (या किनारपट्टीचं हेच नाव) वाळू चिकटवून समुद्री कृमींनी बांधलेले खडक फुटतात, थरही मिसळतात. म्हणून अर्जात पाइपचा व्यास, इंजिनचे फेरे, एका जागी किती वेळ, होडी किती नांगरांवर बांधणार, गवत आणि खडक यांपासून किती अंतर राखणार, सगळे आकडे द्या. गवताचा नकाशा स्वतः डायव्हर उतरवून, छायाचित्रांसह करा. छोट्या चाचणीच्या खड्ड्यांसाठी हाताने चालवायचा एअरलिफ्ट किंवा वॉटर ड्रेज (दोन्ही वाळू शोषून काढणारे पाइप) दाखवला तर प्रश्न बरेच कमी होतात.

कासवांचा मुद्दा वेगळा लिहा. ब्रेव्हार्ड ते ब्रोवर्ड जिल्ह्यांत कासवांच्या विणीचा हंगाम १ मार्च ते ३१ ऑक्टोबर धरतात. समुद्र शांत असतो तोही याच काळात. किनाऱ्यापासून १.६ किलोमीटरपर्यंतचं पाणी बऱ्याच पट्ट्यांत लॉगरहेड कासवांचा अधिवास म्हणून घोषित आहे, आणि १७१५ ची बहुतेक जहाजं किनाऱ्याच्या त्याहून जवळ फुटली. रात्री काम नाही, दिवे नाहीत, टेहळणीला एक माणूस कायम, कासव जवळ आलं की इंजिन बंद: हे त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच लिहून द्या.

राज्याच्या दक्षिण टोकाच्या फ्लोरिडा कीज बेटांकडे वळणार असाल तर तिथे १९९० पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे आणि त्याचा परवाना आणखी वेगळा. तिथे नव्याने सुरुवात करायचा सल्ला आम्ही देणार नाही.

घड्याळं नीट ओळखा. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार खात्याला अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत त्रुटी कळवाव्या लागतात, आणि पूर्ण अर्जावर ९० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. इथे 'पूर्ण' या अटीवर सगळं अडतं. समजा १ फेब्रुवारीला अर्ज दिला, ३ मार्चला त्रुटीपत्र आलं, पुरातत्त्वज्ञ दुसऱ्या कामावर असल्याने उत्तराला सहा आठवडे लागले. मग ९० दिवस १४ एप्रिलपासून मोजले जातात आणि निर्णयाला १३ जुलै उजाडतो. तोवर वादळांचा हंगाम सुरू होऊन दीड महिना झालेला असतो. फेडरल बाजूला तर ऐतिहासिक जागा किंवा संरक्षित प्राणी यांचा संबंध आला की मुदत संपल्यावर आपोआप मिळणारी मंजुरी लागू होत नाही, लेखी पत्राचीच वाट पाहावी लागते. ऐतिहासिक वारशाच्या फेडरल तपासणीत राज्याचं मत विचारतात, आणि ते मत देणारा विभाग म्हणजे तोच टॅलहासीचा ऐतिहासिक वारसा विभाग. एकाच कार्यालयात दोन फायली, दोन टेबलं. दोन्हीकडे शब्दन् शब्द सारखा मजकूर, सारखा नकाशा, सारखे आकडे द्या. एका फाइलमध्ये १२ खड्डे आणि दुसरीत १५ असं झालं तर दोन्ही थांबतात. अर्ज सप्टेंबरअखेर द्या, म्हणजे एक फेरी त्रुटीत गेली तरी मे महिना हाती राहतो.

पैशांच्या तक्त्यात जतनाचा खर्च आधी मांडा. समुद्रातून निघालेलं लोखंड सुकलं की आतले क्षार स्फटिक होऊन ते तडकतं, म्हणून वर आल्या क्षणापासून ते पाण्यात ठेवावं लागतं. वस्तूंभोवती घट्ट जमलेली ढेकळं फोडण्याआधी एक्स-रे काढतात. मग सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात विजेच्या मंद प्रवाहावर क्षार बाहेर काढतात. एका तोफेला यात काही वर्षं जातात. टाकी, वीज, द्रावण बदलणं, तज्ज्ञाचा पगार हे सगळं धरा आणि प्रयोगशाळेचा सही केलेला करार अर्जाला जोडा. 'सापडल्यावर बघू' या उत्तरावर उपशाचा परवाना मिळत नाही, आणि मिळूही नये. वाटणी शेवटी होते. राज्य आपल्या संग्रहासाठी २० टक्क्यांपर्यंत वस्तू निवडतं, बाकीच्या मेहनताना म्हणून मिळतात. जतन आणि नोंद पूर्ण झाल्याशिवाय वाटणी होत नाही. गुंतवणूकदारांना हे आधीच लेखी सांगा, नाहीतर पुढे भांडणं अटळ.

ही सगळी यादी भारताच्या किनाऱ्यावर लागू पडेल असं कोणी समजू नये. आपल्याकडे बुडालेल्या जहाजाचा माल सापडला तर तो सरकारी रिसीव्हरकडे, म्हणजे अशा मालासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, द्यावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषाच्या कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. गोव्याजवळच्या सुंची रीफवरच्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचं काम दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलं, तेही अभ्यासासाठी. वाटणीचा प्रश्नच तिथे नव्हता.

परवाना हातात आल्यावर त्याची प्लास्टिकमध्ये बंद केलेली प्रत होडीवर ठेवा, सोबत पर्यावरण खात्याचं आणि कोअरचं पत्रही. गस्तीवरचे अधिकारी तिन्ही मागतात. रोजची नोंदवही त्याच दिवशी भरा: होडीची जागा, खड्ड्यांचे क्रमांक, खोली, काय दिसलं, काय दिसलं नाही. रिकाम्या खड्ड्याचीही नोंद करा, कारण मुदतवाढ मागताना तुम्ही खरंच काम केलंत याचा तोच पुरावा असतो. आणि मुदतवाढीचा अर्ज परवाना संपायच्या किमान चार महिने आधी द्या. ३० आणि ९० दिवसांचं घड्याळ तिथेही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.