मोगऱ्याचं पाणी आता तोडा

संक्रांत झाली तरी सकाळची थंडी बोचतेच आहे. पण चैत्रात कुंपणाकडेचा मोगरा फुलणार की नुसता पाला माजणार, ते याच दिवसांत ठरतं.

मोगऱ्याचं पाणी दोन-तीन आठवडे बंद ठेवा. पानं पिवळी पडून गळू लागली की ताण बसला समजायचं. गेल्या वर्षी आमच्या परड्यात न्हाणीचं पाणी झाडांकडे जातच राहिलं. पाला शेळीला पुरेल एवढा, कळ्या मात्र ओंजळभरही नाहीत! ताणानंतर जमिनीपासून दीड फुटावर छाटा, वाळक्या फांद्या बुडातूनच काढा. कात्रीला धार हवी. साल चेचली की फांदी तिथून वाळत जाते. आळं खुरपून झाडाला 10 किलो कुजलेलं शेणखत घाला, मगच पाणी सोडा. कळ्या नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येतात, बहुधा तीन-तीनच्या झुबक्यानं. तेव्हा फुटवे आल्यावर शेंडे खुडू नका.

खानापूरकडची तांबडी माती पाणी धरत नाही, मार्चपासून तिथं दोन-तीन दिवसांआड पाणी लागेल. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात आठवड्यानं पुरे. मात्र त्या रानात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट, फवारणी संध्याकाळी. पानामागं जाळी आणि लाल कोळी दिसला तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण भर उन्हात नको, पानं करपतात.

निशिगंधाचा गड्डा तीन वर्षांचा झाला असेल तर पानं पिवळी पडल्यावर उकरा. कंद सावलीत सुकवा आणि एप्रिल-मेमध्ये 30 बाय 20 सेंटिमीटरवर, दोन-अडीच इंच खोल लावा. काळ्या मातीत गादीवाफाच करा, नाहीतर मिरगाच्या पावसात कंद कुजतात. बाजारात सुट्या फुलांना मागणी असेल तर बेंगळुरूच्या बागायती संस्थेचं 'प्रज्वल' हे एकेरी वाण बघा.

पुढच्या ओळीला अबोली. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, आहेत. ती जागा बदला, तिथं झेंडू घ्या.

आणि फुटबॉल लिलीची जागा आत्ता मोकळी दिसते म्हणून खुरपं चालवू नका. कंद खाली झोपलेत, वळवाचा पाऊस पडला की मेमध्ये लाल गेंद वर येतील. तिथं एक काठी रोवून ठेवा. मी रोवली नव्हती, चार कंद कापले.