गावच्या कारभाराचा इतिहास कसा लिहावा : सातारा आणि सांगलीकरांसाठी

गावाचा इतिहास लिहायला बसलेली बहुतेक मंडळी शिवकाळापासून आरंभ करतात आणि देवळाच्या जीर्णोद्धारापाशी येऊन थांबतात. मधल्या दीडशे वर्षांत पट्टी कोण गोळा करीत होते, विहिरीचा ठराव कोणी मांडला, शाळेची खोली कोणाच्या पैशातून उभी राहिली, हे कोठेच येत नाही. वास्तविक या कारभाराचे कागद पुष्कळ शिल्लक आहेत. ते भलत्याच ठिकाणी शोधले जातात, एवढीच अडचण आहे.

म्हणून कागद मागण्याआधी आपले गाव कोणत्या साली कोणाच्या अमलाखाली होते, ते ठरवावे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर ठेवले, १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये औरस पुत्राविना वारल्यावर राज्य खालसा केले. त्या मुलखाचा जिल्हा झाला; परंतु औंध, फलटण, जत, सांगली, मिरजेची थोरली पाती (शाखा) आणि मिरजेचीच बुधगावची धाकटी पाती ही संस्थाने मार्च १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत आपापला कारभार पाहत होती. त्यांचा मुलूख सलग नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, पण आटपाडी आणि कुंडल ही आजच्या सांगली जिल्ह्यातील गावे औंधकरांकडे होती. उलट मंगळवेढे आणि बेळगावजवळचे शहापूर सांगलीकर पटवर्धनांकडे होते. शिवेला शीव लागून असलेल्या दोन गावांची १९३० सालची दप्तरे त्यामुळे दोन निरनिराळ्या सरकारांची असू शकतात.

दुसरा घोळ जिल्ह्याच्या नावाचा आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्यांच्या जन्माच्या वेळी, १९१३ मध्ये, ते सातारा जिल्ह्यात होते आणि आज सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. या घोळाचा एक फायदाही आहे: तारीख पुसलेल्या कागदावर ‘जि. दक्षिण सातारा’ असा शिक्का दिसला, तर तो कागद कोणत्या दशकातला आहे हे बहुधा लगेच कळते.

गाव औंध संस्थानातले असेल तर लेखकाने विशेष सावध राहावे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये जी राज्यघटना लागू केली, तिच्यात गावपंचायत हा पाया होता, तिच्यावर तालुक्याची समिती आणि त्याहून वर विधिमंडळ होते. अशा गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर स्थापनेचे साल पन्नाशीच्या दशकातले रंगवलेले असेल, तर ते आजच्या कायद्याखालील स्थापनेचे असू शकते. पंचायत त्याआधीच भरू लागलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारची गोष्ट निराळी आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीने गावोगाव न्यायनिवाडे केले. पण भूमिगत कारभाराचे लेखी दप्तर फारसे असणार नाही, हे उघड आहे. येथे आठवणींवरच भिस्त ठेवावी लागते. सांगणारा स्वतः हजर होता की वडिलांकडून ऐकलेले सांगत आहे, हे प्रत्येक आठवणीपुढे लिहावे.

इंग्रजी अमलातील गावांसाठी १८८४ च्या कायद्याने आलेली लोकल बोर्डे, म्हणजे जिल्ह्याची आणि तालुक्याची स्थानिक मंडळे, आणि १९२० व १९३३ चे ग्रामपंचायत कायदे एवढा क्रम ध्यानात ठेवला तरी पुरे. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून, यशवंतराव मुख्यमंत्री असताना, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची घडी बसली. मुलकी पाटलांचे पद १९६३ पासून रद्द झाले. त्याआधीचे पुष्कळ कागद कुलकर्ण्यांच्या घरी, रुमालात बांधलेले आणि मोडीत लिहिलेले असत. ते अंदाजाने न वाचता जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

ग्रामपंचायतीत गेल्यावर नमुना नंबर ८ ची आकारणी नोंदवही आणि ठरावाची वही या दोन्ही मागाव्यात. पहिल्या वहीत घरे कळतात, दुसरीत माणसे. ठराव वाचताना ‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांवर फार विसंबू नये, कारण ते जवळजवळ प्रत्येक ठरावाखाली असतात. त्याऐवजी सूचक आणि अनुमोदक कोण, खाली सह्या किती आणि ‘निशाणी अंगठा’ किती, हे मोजावे. माण, खटाव, आटपाडी किंवा जतकडील गाव असेल तर १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराची पाने एकही न गाळता वाचावीत.

दप्तर नाही असे उत्तर मिळाले तर लगेच परत फिरू नये. एका कार्यालयात मला ‘वाळवीने खाल्ले’ असे सांगण्यात आले होते आणि तिसऱ्या खेपेस तेच दप्तर कपाटाच्या माथ्यावर, लाल फडक्यात, धूळ सोडली तर धडधाकट निघाले. तोंडी विनंती चालत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला १० रुपये शुल्क आहे आणि उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसांची आहे. अर्जात ‘गावाची सर्व माहिती’ असे मोघम न लिहिता वहीचे नाव आणि वर्षे लिहावीत.

मसुदा छापण्यापूर्वी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. कोणीतरी उठून साल चुकल्याचे सांगतो, कोणी घरातली जुनी पावती घेऊन येतो, आणि भावकीतला एखादा वादही उकरला जातो. त्या वादात न पडता दोन्ही बाजूंचे म्हणणे तळटीपेत नोंदवावे. छापील प्रत ग्रामपंचायतीला देताना मात्र ती नुसती टेबलावर ठेवून येऊ नये, आवक नोंदवहीत तिचा क्रमांक पाडून घ्यावा.