घर एकाच लेकराच्या नावे करायचं आहे? मग आधी हे करा

महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळी लेकरं गावी येतात, पंगत उठते, पण घराचा विषय कोणी काढत नाही. बाप गेला की मग तोच विषय तहसीलच्या आवारात निघतो. आमच्या यवतमाळकडच्या गावात एका घराच्या ओसरीत मधोमध बांबूचा तट्टा ठोकला आहे. अलीकडे धाकटा, पलीकडे थोरला. वडिलांनी ग्रामपंचायतीत नमुना ८ वर धाकट्याचं नाव चढवलं होतं आणि काम झालं समजून ते निर्धास्त राहिले.

नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, त्यानं मालकी मिळत नाही. म्हणून पहिलं काम, घर मुळात कोणाचं ते शोधा. खरेदीखत, जुनी वाटणी, स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका, सगळं एका पिशवीत घालून वकिलाकडे न्या. घर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचं की तुमच्या कमाईचं, हे त्याला ठरवू द्या. पुढची सगळी वाट यावरच ठरते.

वडिलोपार्जित निघालं, तर लेकीचाही लेकाएवढाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती तेच सांगते आणि त्या वर्षी बाप हयात नसला तरी फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. 'लग्नात दिलं की तिला' हे कोर्टात टिकत नाही. अशा वेळी सगळ्यांचं मिळून नोंदणीकृत वाटणीपत्र करा: घर एकाला, शेत बाकीच्यांना. नाहीतर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. मात्र बहिणीला साडी नेसवून 'इथं सही कर ना माय' म्हणायची रीत सोडा. कागद तिला आधी वाचून दाखवा, हवं तर तिच्या वकिलाला दाखवू द्या. न समजता केलेली सहीच पुढं दाव्याला कारण होते.

घर स्वतःच्या कमाईचं असेल तर मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र. बक्षीसपत्रानं घर तुमच्या हयातीतच लेकराचं होतं. निवासी घर मुलाला किंवा मुलीला देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून लोक धावतात, पण डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या हाती देताय, हे विसरतात. द्यायचंच असेल तर 'हा आम्हा दोघांचा सांभाळ करील' ही अट त्यातच लिहा. मग सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं.

मला विचाराल तर मृत्युपत्र बरं. ते कितीदाही बदलता येतं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही, तरी नोंदणी कराच. साक्षीदार दोन, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे आणि तुमच्यापेक्षा वयानं लहान. 'माझं घर धाकट्याला' एवढ्यावर थांबू नका. घर क्रमांक आणि चतुःसीमा लिहा. गुरांचा कोठा कोणाचा, घरामागची सांदवाडी कोणाची, विहिरीवर पाणी कोण भरणार, तेही लिहा. आमच्याकडे भांडणं खोल्यांपेक्षा कोठ्यावरूनच जास्त होतात. पत्नीला हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क स्पष्ट नोंदवा. आणि याच लेकराला का, हेही दोन ओळींत: थोरल्याच्या शिक्षणाला अमुक लागले, मधल्याला प्लॉट घेऊन दिला, धाकटा आमच्यापाशी राहिला.

वडिलोपार्जित हिश्शाचं वर सांगितलं ते हिंदू वारसा कायद्याचं, बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही तोच लागू. मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

कागद झाला की पुढच्या महालक्ष्म्यांना, सगळे असताना, तो मोठ्यानं वाचा. कोणी तणतणेल, तणतणू द्या. तुम्ही समोर आहात तोवर उत्तर देता येतं. झेरॉक्स प्रत्येकाला द्या. मूळ प्रत मात्र ज्याला घर मिळणार त्याच्यापाशी ठेवू नका.