मुलांसोबत क्रेप कागदाचा गुलाब

मुलांसोबत कागदी गुलाब करायचा असेल, तर घोटीव कागदाऐवजी क्रेप कागद घ्यावा, कारण तो ताणला जातो आणि लहान हातांची ओढाताण बऱ्यापैकी सोसतो. पाकळ्या कापताना कागदावरच्या बारीक सुरकुत्या उभ्या राहतील हे पाहावे. त्या आडव्या गेल्या, तर पाकळीला खोलगटपणा येत नाही. कापलेली पाकळी दोन्ही अंगठ्यांनी मध्यभागी हलकेच ताणली की ती वाटीसारखी फुगते, आणि मुले नेमकी याच कामात रमत असल्याने येथे घाई करू नये. पहिली पाकळी काडीभोवती घट्ट गुंडाळून पुढच्या पाकळ्या थोड्या सैल, आधीच्या पाकळीवर किंचित चढवत चिकटवाव्यात. डिंक मात्र बेतानेच लावावा, कारण ओला क्रेप रंग सोडतो.