जुन्या दुकानाचा इतिहास कसा नोंदवावा

सोलापुरात नव्या पेठेतल्या एखाद्या जुन्या कापड दुकानाचा किंवा चपलांच्या दुकानाचा इतिहास लिहायचा असेल, तर मालकांना ‘दुकान कधी सुरू झाले?’ असे आरंभीच विचारू नये. ‘आजोबांच्या वेळी’ एवढेच उत्तर मिळते आणि पुढचे सारे बोलणे त्याभोवतीच फिरत राहते. आधी कागद मागावेत. पावतीपुस्तके, खतावण्या (खातेवार हिशेबाच्या वह्या), वहीपूजन करून जपलेल्या रोजकिर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), बुटांचे रिकामे खोकेसुद्धा चालते.

तारखेचा कोपरा फाटला असला तरी काळ ठरवता येतो. रक्कम आण्यांत असेल तर पावती बहुधा 1 एप्रिल 1957 पूर्वीची, ‘नवे पैसे’ असतील तर 1957 ते 1964 च्या आसपासची समजावी. पत्त्यात पिन कोड असेल तर ती 15 ऑगस्ट 1972 नंतरची आणि जीएसटी क्रमांक असेल तर जुलै 2017 नंतरची ठरते. मात्र पिन कोड नाही म्हणून कागद जुना, असे मानू नये, कारण छापून घेतलेले पुस्तक संपेपर्यंत वापरण्याची व्यापाऱ्यांची रीत आहे. माझ्या आजीच्या ट्रंकेत चादरीची एक पावती सापडली, तिच्यावरच्या ‘रु. आ. पै.’ या छापील रकान्यांतला ‘आ.’ शाईने खोडून वर ‘न. पै.’ लिहिले होते. त्या खाडाखोडीनेच मला काळ सांगितला.

कंपनीचे वय दुकानाला लावू नये. बाटा ही पादत्राणांची कंपनी 1894 साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन येथे स्थापन झाली आणि 1931 साली भारतात आली. पाटीवर ते नाव असले तरी दुकानाने एजन्सी कधी घेतली, हे वेगळे शोधावे लागते. पाटीआधी तिथे काय विकले जाई, हेही विचारावे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे, म्हणून दुकानामागे बसून चपला शिवणाऱ्या कारागिरांच्या घरी गेल्याशिवाय नोंद पुरी मानू नये. त्यांची नावे पावतीवर कधीच नसतात, आणि मला हीच उणीव सर्वांत जास्त खटकते.

चादरीच्या दुकानाचा माग काढताना शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली या तेलुगू भाषक विणकर समाजाच्या कुटुंबांशी बोलावे आणि तेलुगू जाणणारी व्यक्ती सोबत न्यावी, कारण विणकामातले शब्द जुनी माणसे घरच्या भाषेतच सांगतात. वह्यांची छायाचित्रे दुकानातच, उजेडाच्या बाजूला काढावीत. वही घरी न्यावीच लागली, तर पानांची संख्या लिहून मालकांची सही घ्यावी आणि दिलेल्या दिवशी ती परत करावी.